गार्डसाहेबांची पुरवणी

परीक्षेच्या हॉलमध्ये सगळ्यांच्या आधी पेन खाली ठेवून, हाताची घडी घालून, शेवटच्या मिनिटापर्यंत बसून राहणारा माणूस मी एकच पाहिला. आम्ही इकडे पुरवणीला पुरवणी जोडतोय, दोरा मिळाला नाही म्हणून कावतोय, आणि हे गृहस्थ शांतपणे खिडकीबाहेर बघतायत. पर्यवेक्षक एकदा न राहवून म्हणाले, "काका, झालं असेल तर पेपर द्या आणि जा की घरी." हे म्हणाले, "ड्युटी एक वाजेपर्यंत हाय." एकच्या ठोक्याला पेपर दिला आणि मगच उठले.

त्यांना सगळे गार्डसाहेब म्हणत. उभी हयात मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गेलेली. निवृत्तीच्या तोंडावर त्या पदाचं नाव बदलून ट्रेन मॅनेजर झालं. "रात्री गार्ड म्हणून झोपलो, सकाळी मॅनेजर म्हणून उठलो. डबा तोच, दिवा तोच," असं ते सांगायचे. नवं नाव त्यांच्या अंगाला कधी बसलं नाही. पूर्णेच्या बाजारात कुणी "मॅनेजरसाहेब" अशी हाक मारली, तर बँकेतलं कोण आलंय म्हणून ते मागं वळून बघत.

साठी उलटल्यावर त्यांनी परभणीच्या एका लॉ कॉलेजात नाव घातलं. त्याच वर्षी मीही घातलं. या वयात हे कशाला, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "एक केस चालवायची हाय." कुणाची, कसली, हे विचारायचं आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. भावकीतला बांधाचा तंटा असेल असं आम्ही धरून चाललो होतो. आणि विचारल्याशिवाय सांगणं हे गार्डसाहेबांच्या स्वभावात नव्हतं.

म्हणजे किती नव्हतं, तर एकदा पूर्णेच्या फलाटावर एका बाईंनी घाईघाईत त्यांना विचारलं, "परभणीची गाडी लागली का हो?" हे म्हणाले, "लागली." बाई निवांत सामानावर बसल्या. गाडी समोरच्या फलाटावरून निघून गेली. आम्ही म्हटलं, साहेब, कुठल्या फलाटावर ते तरी सांगायचं! तर म्हणाले, "ते त्यांनी इचारलं न्हाई." त्यांच्या मंडळी तर याला पुरत्या विटलेल्या होत्या. आम्ही घरी गेलो की चहा देता देता सांगायच्या, "मीठ कमी पडलं का इचारलं तर हौ म्हनत्यात. न्हाई इचारलं तर आळणी खाऊन हात धुत्यात. चाळीस वर्सं झाली, मीच इचारायलेय!" गार्डसाहेब त्या वेळी बशीतला चहा फुंकत असत.

मी चुडाव्याला गाडीत बसायचे. चुडाव्यापासून आत आमचं खेडं, घरी मेंढ्याबकऱ्या, आणि कायद्याचं पुस्तक त्या घरात माझ्याबरोबरच पहिल्यांदा शिरलेलं. पूर्णेला आणखी तिघं वर्गमित्र आणि गार्डसाहेब चढत. डबा कायम शेवटचा. पुढचे डबे मोकळे असले तरी ते आम्हाला शेवटच्यात कोंबायचे. त्या डब्यात त्यांनी आम्हा चौघांना जे शिकवलं, ते कॉलेजात तीन वर्षांत कुणी शिकवलं नाही. कॉलेजात एक सर पिवळ्या पडलेल्या नोट्स वाचून दाखवायचे. गार्डसाहेबांनी एकदा उभं राहून अदबीनं सांगितलं, "साहेब, हे पान मागच्या मंगळवारी झालं." सरांनी पान उलटलं. तेही झालेलं होतं.

गाडीतल्या वर्गाचं वेळापत्रक असं, की पूर्णा सुटली की प्रश्न, मिरखेलला उत्तर, पिंगळीपर्यंत उलटतपासणी आणि परभणीचा सिग्नल दिसला की निकाल. प्रश्न ऐकल्याबरोबर कुणी तोंड उघडलं की ते हात आडवा करत. "आधी डबे मोजा." म्हणजे या गोष्टीत माणसं किती, घटना किती, आणि भांडणं किती ते आधी मोजायचं. एका प्रश्नात तीन भांडणं लपलेली असतात आणि पोरं पहिल्यावरच तुटून पडतात, असं त्यांचं म्हणणं. मग प्रत्येक भांडणाला नियम शोधायचा, तो या माणसाला लावून बघायचा, आणि मगच कोण चुकलं ते बोलायचं. अपघाताच्या चौकशीत असंच करतात म्हणे. आणि बघायचं ते दोन्ही टोकांनी. "इंजनातून म्होरचं दिसतं. मागच्या डब्यातून काय घडून गेलं ते दिसतं. दोन्ही मिळून एक गाडी." आम्ही काहीही उत्तर दिलं की त्यांचा पुढचा शब्द एकच, 'का' या अर्थाचा, "कामून?" त्याचंही उत्तर दिलं की पुन्हा, "कामून?" पिंगळी येईपर्यंत माणूस रडकुंडीला यायचा.

एकदा त्यांनी प्रश्न घातला, "बाजारात एकानं दुसऱ्याला वीस मेंढ्यांतली एक मेंढी इकली. घेणारा म्हणला, उद्या सकाळी नेतो. सकाळी बघितलं तर एक मेंढी मेलेली. तर मेली कोणाची?"

मी मेंढ्यांच्या घरातली. मिरखेलची वाट न बघता ओरडले, "विकणाऱ्याची!"

"कामून?"

मी पुस्तक चाळायला लागले. समोरच्या बाकावर एक म्हातारबाबा काठी धरून बसले होते. ते म्हणाले, "इकलेली कोनची ते ठरलं होतं का? डोक्याला रंग लावला होता का तिच्या?"

गार्डसाहेबांनी त्यांच्याकडे असं बघितलं की बस. "लावला असला तर?"

"तर घेनाऱ्याची मेली. नसंल लावला तर कुटली बी मेली तरी मालकाचीच. येवढं काय त्यात!"

"सोळापैकी सोळा मार्क," गार्डसाहेब म्हणाले, आणि आमच्याकडे वळून, "माल ठरल्याबिगर मालकी हलत न्हाई, हे पुस्तकात चार पानं हाय. बाबांनी रंगात सांगितलं." विकलेल्या मेंढीच्या डोक्याला गेरू फासणारे माझे वडील मी लहानपणापासून बघत होते. परभणी येईपर्यंत मी मान वर केली नाही.

पूर्णेत विहाराच्या मागं एक अभ्यासिका आहे. सुट्टीच्या दिवशी गार्डसाहेब तिथं आमची परीक्षेची रंगीत तालीम घेत. ऐंशी गुण, पाच प्रश्न, तीन तास. प्रत्येक प्रश्नाला चौतीस मिनिटं, शेवटची दहा तपासायला. चौतीस झाली की ते शिट्टी वाजवत. हो, खरीखुरी शिट्टी, नोकरीतली. वाक्य अर्धं असलं तरी पुढच्या प्रश्नावर जायचं. "एका स्टेशनात गाडी अडकली की मागच्या सगळ्या लेट. शेवटचा प्रश्न राहिला तर त्याचे मार्क कोण देणार, तुमचा मामा?" शिट्टीच्या पहिल्या दिवशी विहारात वंदनेला आलेल्या आज्या घाबरून बाहेर आल्या होत्या. पुढं त्यांनाही सवय झाली. परीक्षेच्या आदल्या दिवशी मात्र पुस्तक उघडायला बंदी. गार्डाला ड्युटीआधी विश्रांती सक्तीची असते म्हणून आम्हालाही. दुपारी ते घरोघर फोन करून झोपलात का विचारत, आणि झोपलेल्याला उठवून विचारत.

कोण किती उशिरा आलं याची त्यांच्याकडे डायरी होती. माझी नोंद बघा: चुडावा, बारा मिनिटे उशिरा. खाली 'कारण' असा शब्द आणि पुढे जागा कोरी. मी म्हटलं, बकरी व्यायली म्हणून उशीर झाला, लिहा की तसं. ते म्हणाले, "गार्डानं वेळ लिहायची, घडलं ते लिहायचं. कारण शोधणं वरच्यांचं काम." त्यावर आम्ही पोट धरून हसलो होतो.

पुढं निकालांचा मोसम आला. आम्ही चौघं पास होत गेलो. माझी तर दोन विषयांत चांगली टक्केवारी आली. ज्यांनी आम्हाला तयार केलं ते गार्डसाहेब मात्र प्रत्येक पेपरात काठावर. आणि वकिलानं कसं वागावं, काय करू नये, या विषयाच्या शेवटच्या पेपरात ते चक्क नापास झाले. पुन्हा बसले, पुन्हा नापास. तिसऱ्यांदाही तेच. तोवर मी सनद घेऊन पूर्णेच्या कोर्टात जायला लागले होते. कॉलेजच्या क्लार्कनं त्यांना सांगितलं, काका, तुमची मुदत संपत आली. आता एकदाच बसता येईल, नंतर सगळंच बाद. ते "बरं" म्हणाले आणि घरी आले. हे आम्हाला त्यांच्या मंडळींकडून कळलं, आणि मंडळींनाही कळलं ते त्यांनी विचारलं म्हणून.

आमची खात्री होती की तपासणाऱ्यानं अन्याय केलाय. मीच अर्ज करून त्यांच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली. अभ्यासिकेत टेबलावर ती पसरली आणि आम्हा चौघांच्या माना हळूहळू खाली गेल्या. सोळा गुणांच्या प्रश्नाला पाच ओळी! दुसऱ्याला चार. उत्तर प्रत्येक ठिकाणी बरोबर. पण आम्हाला मिरखेल ते पिंगळी ज्या एका शब्दानं छळलं, त्या 'कामून'चं उत्तर एकाही पानावर नव्हतं. आणि एका प्रश्नाला तर चार ओळीही नव्हत्या. वकील ज्या प्रकरणात स्वतः साक्षीदार आहे, ते प्रकरण त्यानं चालवावं काय? कारणांसह चर्चा करा. त्याखाली एक ओळ: चालवू नये. बाकी पान कोरं.

मी रागावले. खरं सांगते, चांगलीच रागावले. म्हटलं, "आमचा जीव खाल्लात तुम्ही कारणं विचारून! स्वतः लिहायला काय झालं होतं? कामून नाही लिहिलं?"

मी विचारलं म्हणून त्यांनी सांगितलं.

नोकरीत असताना एका दुपारी त्यांची मालगाडी एका फाटकावरून गेली. फाटक उघडं होतं आणि गेटमन जागेवर नव्हता. कुणाला काही लागलं नाही, पण चौकशी लागली. चौकशीच्या साहेबांनी गार्डला दोन प्रश्न विचारले. फाटक उघडं होतं का? होतं. गेटमन जागेवर होता का? नव्हता. दोन्ही उत्तरं खरी. फाटक ओलांडल्यावर गार्डनं मागच्या डब्यातून आणखी काही बघितलं होतं. रुळाच्या उतारावर गेटमन एका म्हाताऱ्या धनगराला कवटाळून पडला होता. म्हातारा ठार बहिरा, रुळावरून चालला होता, भोंगा त्याला ऐकूच गेला नाही. गेटमन फाटक टाकून पळाला आणि त्याला ओढून बाहेर काढलं.

"चौकशीत गेटमननं सांगितलं हे. पण धनगर मेंढ्या घेऊन कुठल्या कुठं निघून गेला होता. गवाह कोण? मला इचारलं न्हाई, मी बोललो न्हाई. आर्डर निघाल्यावर मला कळलं की त्याच्या बोलण्यावर कोणाचा भरोसा बसला न्हाई. साहेबाकडं गेलो. साहेब म्हणले, तवाच कामून न्हाई सांगितलं? काय सांगू, माय? त्यांची चूक न्हवती. त्यांच्याम्होरं जे आलं त्यावर त्यांनी लिहिलं. अर्धं माझ्यापाशीच राह्यलं होतं."

गेटमनची नोकरी गेली. गार्डसाहेब त्याला म्हणाले होते, रिटायर झालो की वकील होतो आणि तुझी केस मीच उभी करतो. त्यानंतर ते त्याच्या दारात गेले नव्हते. वकील झाल्याशिवाय जायचं नाही असं मनाशी धरून बसले होते. आणि शेवटच्या वर्षाच्या पुस्तकात त्यांना तो नियम भेटला. ती एक केस सोडून जगातली कुठलीही केस त्यांना चालवता येणार होती.

"चालवू नये, येवढं लिहिलं की माझा हात थांबायलाय. दर बारीला थांबतो. कारणं लिहायची म्हणजे माझ्या हातानंच त्या केसमधून माझं नाव खोडायचं की."

त्यांनी गेटमनच्या गावाचं नाव घेतलं. ते माझंच गाव. आमच्या गावात तो माणूस, आमचे गेटमामा, बकऱ्या राखतो. ड्युटीवर झोपला म्हणून नोकरी गेली, असं गाव म्हणतं, आणि तो दिसला की पोरं ओरडतात, "गेट लावा, मामा झोपले!" मीही लहानपणी ओरडले आहे, पुष्कळ वेळा. तो कधी काही बोलला नाही. मला त्या दिवशी माझीच लाज वाटली आणि राग ओसरला.

मी म्हटलं, "साहेब, डबे मोजा. वकील पूर्णेत पन्नास मिळतील. त्या दुपारी मागच्या डब्यात किती जण होते?"

"एक."

"मग तो एक वकिलाच्या कोटात शिरला, तर साक्ष कुणी द्यायची?"

त्यांनी छायाप्रत आपल्याकडं ओढली. मग त्यांनी शर्टाच्या खिशातून पेन काढलं आणि त्या कोऱ्या पानावर, छायाप्रतीवरच, लिहायला लागले. शिट्टी वाजवायची आमची छाती झाली नाही.

शेवटच्या परीक्षेला आम्ही चौघं कॉलेजच्या फाटकाबाहेर उभे होतो, एखाद्या लहान लेकराला सोडायला आल्यासारखे. सुटल्यावर ते बाहेर आले ते कपाळाचा घाम पुसत. बोटाला शाई. आम्ही विचारलंच, किती पुरवण्या? "दोन," ते खालच्या आवाजात म्हणाले, जणू काही चोरी कबूल करतायत. तो प्रश्न आला होता. वकिलानं न्यायालयाला बाजू सांगायची असते आणि साक्षीदारानं खरं सांगायचं असतं, एकाच माणसानं दोन्ही केलं तर त्याच्या खऱ्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही, असं त्यांनी उदाहरणासकट लिहिलं होतं. उदाहरण कुठलं ते मी विचारलं नाही. निकाल लागला आणि गार्डसाहेब पास झाले.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलासमोर पक्षकारासारखे येऊन बसले. जुन्या आदेशाची प्रत, गाडीच्या नोंदीचा उतारा, सगळं एका पिशवीत. "हे तुमी चालवा. मी गवाह हाय." मी फेरविचाराचा अर्ज तयार केला. त्याला जोडायचं त्यांचं शपथपत्र त्यांनी बसून सांगितलं, मी लिहून घेतलं. तीन पानं झाली. मध्ये मी एकही प्रश्न विचारला नाही. अर्ज वर गेला आहे. इतक्या वर्षांनंतर त्याचं काय होईल हे मला ठाऊक नाही, आणि मी तसं दोघांनाही स्पष्ट सांगितलं आहे.

त्याआधी अर्जावर सही घ्यायला आम्ही दोघं गेटमामांच्या घरी गेलो होतो. गार्डसाहेब दारातच थांबले, आत यायला तयार नाहीत. मामांनीच हाताला धरून त्यांना बाजेवर बसवलं. मी शपथपत्र वाचून दाखवलं. मामा ऐकत होते, एक करडू त्यांच्या धोतराचा सोगा चघळत होतं. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "नोकरीचं आता काय करायचं मला? वय गेलं. हे कागद पारावर वाचता येतील का?"

मी कायद्याच्या अंगानं काही बोलणार तोच गार्डसाहेब उठले. "मी वाचतो," म्हणाले, आणि चपला घालून निघालेसुद्धा.

संध्याकाळी पारावर पंधरावीस माणसं जमली. ज्या आवाजात विचारल्याशिवाय स्वतःबद्दल चार वाक्यं कधी ऐकली नव्हती, त्या आवाजात त्यांनी तीन पानं वाचली. फाटक, भोंगा, बहिरा म्हातारा, उतारावर पडलेली दोन माणसं. आणि हे सगळं मी पाहिलं होतं व सांगितलं नाही, ही माझी चूक, हेही वाचलं.  मी माझ्या गावाकडं बघत होते. कुणाची नजर वर नव्हती. ओरडणारी पोरं पुढं सरकून बसली होती.

वाचून झालं. गार्डसाहेब कागदांची घडी घालायला लागले. तेवढ्यात दुधाच्या वेळेला गेलेली माणसं डेअरीवरून परत येऊन मागं उभी राहिली, काय चाललंय म्हणून एकमेकांना विचारायला लागली. गेटमामांनी त्यांच्याकडं वळून बघितलं आणि गार्डसाहेबांच्या हातावर हात ठेवला.

"साहेब, अजून एकबार वाचा. मागनं आलेल्यांनी सुरवात ऐकली न्हाई."

गार्डसाहेबांनी चष्मा पुसला, पहिलं पान वर घेतलं, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले.